कर्तासपासून शिपिंग बिलापर्यंत : पेडणे-डिचोलीच्या सीमेवरील जकातीचा इतिहास

‘जकात’ हा शब्द मराठी माणसाच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो अरबीतून आला हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अरबीतील मूळ ‘ज़कात’ म्हणजे शुद्धी, वाढ. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक, आपल्या शिलकीतून गरजूंसाठी काढावयाचा हिस्सा. मग तीच जकात नाक्यावर उभी राहून बैलाच्या पाठीवरील गोणी कशी मोजू लागली? याचे उत्तर हनफी फिक्हमध्ये मिळते. व्यापारी माल हीदेखील संपत्तीच. म्हणून तिच्यावरील हिस्सा वसूल करण्यासाठी हमरस्त्यावर ‘आशिर’ नावाचा अधिकारी बसविला जाई. तो मुस्लिम व्यापाऱ्याकडून चाळिसावा, राज्यातील गैरमुस्लिमाकडून विसावा आणि परराज्यातील व्यापाऱ्याकडून दहावा भाग घेई. औरंगजेबाने १६६५ मध्ये लागू केलेले अडीच व पाच टक्क्यांचे दर याच परंपरेतले होत. दोन वर्षांनी त्याने मुस्लिम व्यापाऱ्यांचा कर माफ केला. दख्खनच्या सुलतानी राजवटींत हा शब्द वाहतूक-कराचा शब्द म्हणून रुळला आणि मराठी दप्तरात तो निव्वळ महसुलाचा झाला. धर्माचा अर्थ मागे राहिला, नाका पुढे आला.

प्रस्तुत लेखात गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या संदर्भात जकात, परवाने आणि निर्यातीचे नियम यांचा मागोवा घ्यावयाचा आहे. गोव्याच्या व्यापाराचा इतिहास लिहिणारे बहुधा जुने गोवे, पणजी आणि मुरगाव या बंदरांपाशी थांबतात. बंदरात जहाज लागते हे खरे. परंतु माल येतो तो कोठून तरी, आणि जातो तोही कोणत्या तरी घाटाने. त्या वाटेवर हे दोन तालुके आहेत.

कागद आणि वखार

पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात आणलेली सर्वांत परिणामकारक वस्तू तोफ की कागद, असा प्रश्न मला नेहमी पडतो. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. हा परवाना जवळ नसलेले जहाज समुद्रात सापडले तर ते माल व माणसांसह जप्त होई. परवान्यावर जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाजाचे आकारमान, शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर लिहिलेले असे. मिरी, शस्त्रे, लोखंड असा कोणता माल नेता येणार नाही हेही त्यात नमूद असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरी मेख पुढे होती : जहाजाने पोर्तुगीजांच्या ठाण्यावर थांबून तेथे जकात भरलीच पाहिजे, ही अट. आजच्या निर्यातदाराला ही यादी ओळखीची वाटेल. वाहनाचे नाव, मालाचे वर्णन, गंतव्य बंदर, निषिद्ध वस्तू. पाचशे वर्षांत रकान्यांमध्ये फारसा फरक पडलेला नाही.

गंमत अशी की या पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी अरबी ‘किर्तास’ म्हणजे कागद हाच शब्द आहे. उर्दू वृत्तपत्रे सरकारी श्वेतपत्रिकेला आजही ‘किर्तास-ए-अब्यज़’ म्हणतात. पोर्तुगीजांच्या कस्टम हाऊसचे नाव ‘अल्फांदेगा’. तेही अरबी ‘अल्-फुंदुक’ म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, वखार यावरून आलेले. आजच्या अरबी शहरात ‘फुंदुक’ विचारले तर लोक हॉटेलकडे बोट दाखवितात. दरपत्रकाला युरोपात जो ‘टॅरिफ’ शब्द आहे, तो अरबी ‘तारीफा’चा वंशज आणि म्हणून आपल्या ‘तारीफ’चा चुलतभाऊ. मात्र जकातीच्या दरपत्रकाची तारीफ केलेली कोणत्याही व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकिवात नाही. फ्रेंचांचे ‘दुआन’ व स्पॅनिशांचे ‘अदुआना’ हे ‘दीवान’चे अवतार आहेत. स्वतः मांडवी नदीचे नावदेखील ‘मांडवी’ म्हणजे बंदरावरील जकातीची जागा या अर्थावरून पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते; मुंबईतील आणि कच्छमधील मांडवी तिला पुष्टी देतात. पोर्तुगीज भारतात आले ते अरबांच्या व्यापारावर मात करण्यासाठी. पण जकातीच्या कचेरीचे शब्द त्यांनी घरूनच अरबी आणले होते.

कागद नियमानुसार असला म्हणजे जहाज सुरक्षित, असे मात्र नव्हते. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५-७६ मध्ये हजला निघाली तेव्हा पोर्तुगीज परवान्याची तजवीज होईपर्यंत तिला सुरतेत खोळंबून राहावे लागले. १६१३ मध्ये तर जहांगीरची माता मरियम-उज़-ज़मानी हिच्या मालकीचे ‘रहीमी’ हे मोठे जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी पकडून नेले. जहांगीरने त्यावर दमणवर सैन्य धाडले आणि मुघल राज्यातील पोर्तुगीजांची कोंडी केली. परवाना देणाराच तो मोडणारा असला तर दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न या प्रकरणात प्रथम ठळकपणे पुढे आला. पुढे डिचोलीच्या संदर्भात तो निराळ्या रूपात पुन्हा येणार आहे.

मिठाची गोष्ट

समुद्राकडून आता घाटाकडे वळू. बारदेश १५४३ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. शापोरा नदी ओलांडली की पेडणे. तेथे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. डिचोली हे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांचे या बाजूचे महत्त्वाचे ठाणे होते. डिचोलीतील नमाजगाह शहाजादा अकबर आणि छत्रपती संभाजी महाराज यांच्या काळाशी जोडली जाते, आणि जवळच नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सुरू केला. ठाणे आले की नाका आला.

बारदेशच्या आगरांतले मीठ स्वस्त होते. घाटावरचे व्यापारी आपले बैल घेऊन खाली उतरत आणि मीठ भरून परत जात. पलीकडे संगमेश्वर भागातील मिठागरांचा माल पडून राहू लागला. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला या बाबतीत जे आज्ञापत्र पाठविले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावे असे आहे. बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्याचा आशय आहे. आपल्या बंदरांवरील उदीम आणि त्यातून येणारी जकात बुडू नये, हा हेतू पत्रात स्पष्ट आहे. देशी उद्योगाच्या रक्षणासाठी आयातकर वाढवावा हा विचार युरोपात ज्या काळी फ्रान्सचा मंत्री कोल्बेर राबवीत होता, त्याच काळी तो कोकणात राबविला जात होता. पत्रात सिद्धान्त नाही, केवळ हुकूम आहे. तो नाक्यावरच्या माणसाला पाळता येण्याजोगा, साधा आणि हिशेबी आहे. चांगल्या जकातीचे हे लक्षण मानावे असे मला वाटते.

अठराव्या शतकात सीमा सरकली. तेरेखोलचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १७८१ मध्ये डिचोली, पाठोपाठ सत्तरी आणि १७८८ मध्ये पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेले. या ‘नव्या काबिजादीं’त येथील रीतिरिवाजांना पोर्तुगीजांनी जुन्या काबिजादींपेक्षा पुष्कळ मोकळीक दिली. पण जकातीच्या रेषेला रीतिरिवाजांशी कर्तव्य नसते. कालपर्यंत पेडण्याचा शेतकरी बांद्याच्या बाजाराला जात होता तो आपल्याच मुलखात. आता तेरेखोल नदी पार करताच तो परदेशी झाला. सोयरिकी तशाच राहिल्या, नारळाच्या पोत्यावर मात्र जकात आली.

१८७८ चा करार

या सीमेच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रयोग १८७८ चा. त्या वर्षी २६ डिसेंबरला लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात व्यापारविषयक करार झाला आणि जानेवारी १८८० पासून तो बारा वर्षांसाठी अंमलात आला. करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची रेषा उठली. दोन्ही मुलूख जकातीपुरते एक झाले. मुरगाव बंदराचा विकास आणि तेथून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे हे या व्यवहाराचे दुसरे अंग होते.

ऐकावयास हे सारे व्यापाराच्या मुक्तीसारखे वाटते. पण दोन घरांतली भिंत पाडावयाची तर दोन्हीकडे चुलीचा खर्च सारखा हवा. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर भारी कर होता. गोव्यात मीठ स्वस्त होते. सीमा उघडी ठेवली तर गोव्याचे बिनकराचे मीठ घाट चढून सर्वत्र जाईल, हे उघड होते. म्हणून गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री यांचे नियंत्रण ब्रिटिशांच्या हाती देण्यात आले आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लक्ष रुपये मिळू लागले. अबकारीचीही तीच गत. दारूवरील व माडावरील कर ब्रिटिश पद्धतीने आकारले जाऊ लागले.

चार लक्ष रुपये सरकारच्या तिजोरीत गेले. आगरात काम करणाऱ्या मिठागरीला त्यातला दमडा मिळाला नाही. अनेक आगरे बंद पडली. पेडणे तालुक्यातील आगरवाडा या गावाच्या नावातच आगर आहे. अशा गावांत एका हंगामाचे मीठ म्हणजे एका वर्षाचे पोट. माड काढणाऱ्या रेंदेरांवर कर वाढला तेव्हा पुष्कळांनी धंदा सोडला आणि मुंबईची वाट धरली. गोव्यातून मुंबईकडे झालेल्या स्थलांतराची कारणे सांगताना शिक्षण, बोटीवरील नोकऱ्या आणि इंग्रजी यांचा उल्लेख होतो; जकातीच्या या कराराचा फारसा होत नाही. तो व्हावयास हवा.

करारावर गोव्यात मोठी नाराजी होती आणि बारा वर्षे पूर्ण होताच, जानेवारी १८९२ मध्ये, तो संपला. त्याचे नूतनीकरण झाले नाही. तेरेखोलच्या काठावर आणि दोडामार्गच्या वाटेवर नाकी पुन्हा उभी राहिली. जे मोडले होते ते मात्र सगळे परत उभे राहिले नाही. रेल्वे तेवढी १८८८ मध्ये पूर्ण होऊन राहिली.

कोंडी आणि खनिज

१९५४-५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. प्रवास, मालवाहतूक आणि पैशांची ने-आण यांवर निर्बंध आले, रेल्वे थांबली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्या ठिकाणी आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. नाक्याची जागा रक्ताने ओळखली जावी, असे या सीमेवर त्या दिवशी घडले.

कोंडीचा अपेक्षित परिणाम असा की गोवा उपाशी पडेल. घडले उलटेच. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून, सिमेंट जपानहून येऊ लागले. आयातकर हलके असल्याने घड्याळे, फाउंटन पेन आणि नायलॉनचे कापड पणजी-म्हापशाच्या दुकानांत भरून गेले आणि त्यांतले बरेचसे, सोन्यासह, चोरवाटांनी सीमेपलीकडे गेले. जकातीच्या दरात दोन बाजूंना मोठी तफावत असली की तस्करी हा गुन्हा न राहता धंदा होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या सगळ्या आयातीचे पैसे कोठून आले? डिचोलीच्या डोंगरांतून. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी १९०६ च्या पोर्तुगीज कायद्याने सवलतीच्या रूपात दिल्या जात. परंतु निर्यातीला खरा वेग आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० नंतर युद्धातून सावरणाऱ्या जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे होते. डिचोलीतील शिरगावच्या खाणीत जपानी अर्थसाहाय्याने यंत्रसामग्री आली. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जने मांडवीतून खाली आणि मुरगावला जहाजात. ही साखळी तेव्हा बसली ती कायमची. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, ध्वज बदलला, कायदा बदलला. बार्जची वाट बदलली नाही.

शंभर टनांत लोखंड किती?

खनिजाच्या निर्यातीत कस्टम अधिकाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात : वजन किती आणि त्यात लोखंड किती टक्के. निर्यातशुल्क या टक्केवारीवर ठरत आले आहे. गोव्याचे खनिज बहुतांशी हलक्या प्रतीचे आणि चुरा स्वरूपाचे असल्याने येथे हा प्रश्न जीवनमरणाचा. २००७ च्या अर्थसंकल्पात लोहखनिजावर टनाला ३०० रुपये शुल्क बसले. गोव्यातून ओरड झाली आणि काही महिन्यांतच ६२ टक्के व त्याखालील प्रतीच्या चुऱ्यावर ते ५० रुपयांवर आणले गेले. डिसेंबर २०११ अखेर शुल्क किमतीच्या ३० टक्क्यांवर गेले. २०१६ मध्ये ५८ टक्क्यांखालील खनिज शुल्कमुक्त झाले. मे २०२२ मध्ये सरसकट ५० टक्के शुल्क लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेण्यात आले.

आता टक्केवारी कशी मोजावयाची? समजा, शंभर टन खनिजात आठ टन ओलावा आहे. उरलेल्या ९२ टन कोरड्या खनिजात ६३ टक्के लोखंड. कोरड्या हिशेबाने हा माल ६३ टक्क्यांचा. पण जहाजात भरलेल्या ओल्या शंभर टनांत लोखंड आहे ५७.९६ टन, म्हणजे हाच माल ओल्या हिशेबाने ५८ टक्क्यांच्याही खाली. एकच ढीग, दोन प्रती आणि दोन वेगळे कर. गोव्यातील एका खाणमालक पेढीचा याच मुद्द्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि माल ज्या ओल्या स्थितीत निर्यात होतो त्या स्थितीतच टक्केवारी धरावी, असा निर्णय झाला. तरी अंमलबजावणीतला घोळ चालू राहिला आणि २०१२ मध्ये केंद्रीय मंडळाला तसे परिपत्रक काढावे लागले. गोव्याच्या पावसाने कायद्यात अशी भर घातली आहे.

नियम पाळण्याची ही सारी यंत्रणा, म्हणजे शिपिंग बिल, नमुना-तपासणी, तात्पुरती आकारणी, पोहोचलेल्या बंदरातील पृथक्करणानंतर अंतिम आकारणी, बारीक चाळणीची आहे. पण चाळणी बंदरात आहे, खाण डिचोलीत. जुन्या पोर्तुगीज सवलतींचे १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले होते आणि त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. तरीही खनन चालूच राहिले, आणि त्याच वर्षांत चीनच्या मागणीमुळे निर्यात शिखराला पोहोचली. २०१०-११ मध्ये ती पाच कोटी टनांच्या पलीकडे गेली. जहाजांचे कागद होते, शुल्क भरलेले होते, ओलावा मोजलेला होता. मुळात जमिनीतून माल काढण्याचा हक्क आहे काय, हे बंदरावरच्या कोणत्याही रकान्यात विचारलेले नव्हते. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला, राज्य सरकारने खनन थांबविले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने नोव्हेंबर २००७ नंतरचे खनन बेकायदा ठरले आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली. त्यानंतर राज्याने केलेले ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरणही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या.

‘रहीमी’ जहाजाजवळ परवाना होता आणि तो देणाऱ्यानेच मोडला. येथे एका खात्याचा कागद पुरा होता आणि दुसऱ्या खात्याचा मुळातच नव्हता. तो नसताना काम चालू देणारेही सरकारच होते. याची किंमत मात्र कर्ज काढून ट्रक घेतलेल्या डिचोलीच्या तरुणाने, गॅरेजवाल्याने आणि धक्क्यावरच्या मजुराने भरली. त्यांच्यापैकी कोणीही शिपिंग बिल कधी पाहिलेले नाही. दुसरीकडे, शेतात खाणीचा गाळ येऊन ज्यांची भाताची खाचरे बुजली त्यांना ही बंदी उशिरा आलेला दिलासा वाटली. दोघे एकाच गावात, कधी एकाच घरात राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये लिलावाने नवे पट्टे देण्यात आले. त्यांत डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे गट होते. त्यानंतर डिचोलीत खनन पुन्हा सुरू झाले आहे.

पेडण्याचे चित्र निराळे आहे. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी तेथून आंतरराष्ट्रीय उड्डाणे निघू लागली आणि पेडणे तालुक्यात कस्टमचा अधिकारी पुन्हा बसला. या वेळी नदीकाठी नव्हे, पठारावर. पत्रादेवीच्या नाक्यावरील विक्रीकराच्या रांगा जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाच संपल्या होत्या. दारू मात्र त्या करात आली नाही. गोव्यात तिच्यावरील कर कमी, महाराष्ट्रात जास्त. त्यामुळे पत्रादेवी ओलांडून बांद्याकडे जाणाऱ्या वाहनांची इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आजही झडती होते आणि पिशवीतल्या बाटल्या मोजल्या जातात. १८७८ च्या करारातील अबकारीचे कलम ज्या तफावतीसाठी लिहिले गेले होते, ती तफावत तेरेखोलच्या दोन काठांवर तशीच आहे.